अख्खी चादर मावेल एवढी मेमरी

घर भाड्याने देताना लोक पगार विचारतात, माणसं किती ते विचारतात, मटण शिजवता का असंही आडून आडून विचारून घेतात. सोलापुरातल्या माझ्या घरमालकांनी यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी मला चालायला लावलं.

“वर जावा आणि हिकडून तिकडं चाला की जरा,” ते खालून म्हणाले.

मी विमा कंपनीच्या ऑफिसात बदली होऊन आलेली, घामाने निथळणारी बाई. दोन बॅगा जिन्याखाली ठेवून मी मुकाट्याने वर गेले आणि त्या रिकाम्या खोलीत दारापासून खिडकीपर्यंत चालून दाखवलं. खाली काका, म्हणजे घरमालक, एका जुन्या टीव्हीच्या पडद्याला डोळे लावून बसले होते.

“आता घाईत चाला. ऑफिसला उशीर झालाय समजा.”

मी तसं समजले आणि घाईत चालले. पडद्यावर काही झालं नाही, म्हणून खोली मला मिळाली. माझ्याआधी तिघेजण चालण्यात नापास झाले होते. त्यातला एक तालमीत जाणारा होता. त्याला तर काकांनी जिनासुद्धा चढू दिला नव्हता.

काकांच्या टेबलावर एक आठ-बिटी घरगुती संगणक होता. हल्लीच्या मुलांना सांगूनही खरं वाटणार नाही, पण पोळपाटाएवढा काळा कीबोर्ड म्हणजेच अख्खा संगणक, असा तो काळ होता. पडदा म्हणून घरचा टीव्ही जोडायचा आणि केलेलं काम गाण्याच्या कॅसेटवर साठवायचं. ऐंशीच्या दशकात काकांच्या मेव्हण्याने तो आखातातून आणला होता. त्याची मेमरी सोळा के. आज मोबाईलवर सकाळी सकाळी जे गुलाबाचं फूल येऊन पडतं, त्या एका फुलात असे दहा संगणक बुडतील. पण काकांना हे सांगण्यात अर्थ नव्हता. त्यांनी मोबाईल ठेवला होता तो फक्त रेझिस्टर मागवायला.

त्या संगणकाच्या पाठीला एक फट होती. त्या फटीत वाढीव मेमरीचा डबा खुपसायचा. डबा म्हणजे साबणाची डबी, आत काकांनी हाताने सोल्डर केलेली पट्टी. त्या डबीच्या पाठीला पुन्हा फट, तिच्यात आवाजाची डबी. तिच्यामागे घड्याळाची, मग कॅसेटऐवजी मोबाईलचं मेमरी कार्ड वाचणारी, मग आणखी दोन, ज्यांचं काम काय हे काकांनाही आठवत नव्हतं, पण काढल्या तर पुढच्या चालत नव्हत्या. काका याला ‘जोडणी’ म्हणत. जोडणी वाढत वाढत टेबलावरून स्टुलावर उतरली होती आणि स्टुलावरून तांदळाच्या डब्यावर. भाताचा बेत असला की सगळा संगणक बंद करून, जोडण्या एकेक उचलून, मग तांदूळ काढावे लागत. काका त्यामुळे बहुतेक भाकरीच खात.

यातला कुठलाही डबा केसभर हलला की पडदा गोठायचा आणि तोवर केलेलं सगळं पुसलं जायचं. या घटनेला काकांनी तीन शब्दांचं सूत्र दिलं होतं: “हल्लं की गेलं.” हे ते दिवसातून चार वेळा म्हणत. एखादा गेला-बिला अशी बातमी आली तरी तेच म्हणत.

“मग डाग मारून पक्कं का नाही करत?” मी पहिल्याच महिन्यात विचारलं.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जणू देवाच्या मूर्तीला खिळा ठोकायला सांगितलं.

“मूळ मशिनला हात लावायचा न्हाय, मॅडम. जोडायचं आणि काढायचं. पाव्हण्यासारखं.”

“कधी काढता पण तुम्ही?”

“काढायची येळ आली की काढायचं.”

कपाळावर विभूती, खिशात टेस्टर, गळ्यात दोरीने अडकवलेलं भिंग आणि पायात, घरातसुद्धा, दोन-दोन मोजे. मोजे आवाजासाठी नव्हते, हादऱ्यासाठी होते. काका आयटीआयमध्ये आयुष्यभर वायरिंग शिकवून निवृत्त झालेले होते. पत्नी वारल्या होत्या, मुलगी हुबळीला दिली होती. तिच्याशी फोनवर कानडीत बोलायचे. त्यातला ‘साकु’, म्हणजे ‘पुरे’, हा शब्द मला वरपर्यंत ऐकू यायचा. ती बहुधा त्यांना तिकडे येऊन राहायला सांगत असावी. पण एवढी जोडणी हुबळीपर्यंत न हलवता न्यायची कशी?

माझ्यावर बंदी कशाकशाची होती ते सांगते. मिक्सर बंद. खुर्ची ओढणं बंद. व्यायाम तर मी करतच नव्हते, तरी तोही बंद. एका रविवारी मी खलबत्त्यात शेंगाची चटणी कुटायला घेतली. सोलापुरात राहून विकतची चटणी खायची हे मनाला पटेना. दहा घाव घातले असतील, तोच काका दारात.

“काय कुटताय?”

“शेंगा.”

“माझा अर्धा दिवस कुटला तुमी.”

आणि खाली निघून गेले. संध्याकाळी मात्र दुकानातली चटणीची पुडी माझ्या दाराच्या कडीला लटकत होती. चटणी उत्तम होती, हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही.

माझी चटणी हा मात्र त्यांच्या दु:खाचा फारच किरकोळ भाग होता. खरं दु:ख भिंतीपलीकडे होतं. आमच्या भिंतीला भिंत लावून अण्णांचा कारखाना, म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये आठ यंत्रमाग. सकाळी सुरू झाले की खटाक-खटाक, खटाक-खटाक, आमच्या मांडणीतली भांडीसुद्धा एका तालात किणकिणायची. अण्णा तेलुगू विणकरांच्या घरातले, काकांच्याच वयाचे, एकाच शाळेत एका बाकावर बसलेले. दोघांचं दिवसातलं एकमेव संभाषण भिंतीवरून व्हायचं.

“अण्णा! पाच मिन्टं बंद कर की बे!”

“पाच मिनिटं बंद केलो तर माणसं च्याला जात्यात. मग अर्ध्या तासानं येत्यात. तूच बंद कर की तुझं ते खेळणं!”

“खेळणं न्हाय ते!”

“मग काय कारखाना हाय?”

आता यातली गंमत अशी की माग बंद असायचे दोनच वेळा. एक साप्ताहिक सुट्टीला, आणि दुसरं लाईट गेल्यावर. लाईट गेली की शांतता पसरायची, काका आनंदाने हात चोळत टेबलाशी बसायचे आणि मग त्यांच्या लक्षात यायचं की संगणकही लाईटवरच चालतो. हे त्यांच्या लक्षात दर वेळी नव्याने यायचं. शेवटी त्यांनी त्यासाठी बॅटरीची एक जोडणी केली. तिच्या वजनाने स्टूल कलला आणि पुढच्या चार जोडण्या सुटल्या.

हा सगळा खटाटोप कशासाठी, ते काकांनी मला एकदाच सांगितलं. पण ते ऐकल्यावर मी त्यांच्यावर पूर्वीइतकी करवादले नाही. म्हणजे करवादत होतेच, जरा हळू आवाजात.

तरुणपणी काकांनी हा संगणक अण्णांच्या कारखान्यासाठी वापरायचं ठरवलं होतं. जेकार्ड चादरीची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर रंगवतात, मग त्यावरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडतात आणि ती पत्त्यांची माळ मागावर चढवतात. जिथे भोक तिथे एक धागा वर उचलला जातो. भोक किंवा भोक नाही, एवढाच हिशेब. काका म्हणाले, ही तर संगणकाचीच भाषा. माढ्याच्या एका व्यापाऱ्याची ऑर्डर आली होती, मुलीच्या लग्नात पाहुण्यांना वाटायच्या चादरी. मध्ये मोर, कडेला वेल आणि दोन कोपऱ्यांत ‘शुभविवाह’. कागदावर रंगवायला महिना गेला असता. काकांनी आठवड्यात संगणकावर नक्षी काढली. फक्त सोळा केमध्ये अख्खी चादर मावेना. मग त्यांनी डावी अर्धी चादर मशिनमध्ये घातली आणि उजवी अर्धी तिचीच आरशातल्यासारखी उलटी प्रत करून घेतली.

मोराला डावं-उजवं कळत नाही. वेलीलाही नाही. अक्षरांना कळतं. डाव्या कोपऱ्यात ‘शुभविवाह’ झोकात आला आणि उजव्या कोपऱ्यात तोच शब्द उलट्या तोंडाने, आरशातून वाचावा असा. सगळी ऑर्डर विणून, गठ्ठे बांधून माढ्याला गेली आणि तिसऱ्या दिवशी गठ्ठे परत आले. अण्णांचे वडील तेव्हा होते. ते काकांवर ओरडले नाहीत. पत्त्यांची माळ उतरवून त्यांनी कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाले, हितून पुढं नक्षी हातानं. काकांनी संगणक माळ्यावर टाकला, तो खाली काढला स्वतः निवृत्त झाल्यावरच.

“माझी चूक न्हवती, मॅडम,” काका म्हणाले. “मेमरी कमी पडली. बत्तीस के असती तर अख्खी मावली असती.”

“मग आता?”

“आता चौसष्ट हाय. एक चादर करायची. अख्खी. अण्णाच्या मागावर. मग साकु.”

तर हे होतं त्यांचं आयुष्यातलं एकच काम. एक सरळ चादर. आणि माणूस एकाच कामासाठी जगतो तेव्हा ते सोडून काय काय करतो, हे मला काकांनी दाखवलं. मेमरी तर त्यांनी मी यायच्या कितीतरी आधीच वाढवली होती. मग चादरीला सुरुवात करायची सोडून त्यांनी आवाजाची जोडणी केली. चादरीला आवाज कशाला हवा, असं विचारण्याची सोय नव्हती. मग घड्याळाची केली, ज्यात रोज सकाळी तारीख हाताने भरावी लागे. मग पाण्याची.

पाण्याची जोडणी मी कधी विसरणार नाही. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं आणि त्याची वेळ फक्त पाण्यालाच ठाऊक असायची. काकांनी नळाच्या तोंडाशी दोन तारा सोडल्या. पाणी आलं की संगणकाला कळणार, संगणक मोटार चालू करणार, टाकी भरली की बंद करणार. “तुमी निवांत ऑफिसला जावा,” काका म्हणाले, “मशीन बघतंय.” मी निवांत गेले. भर दुपारी पाणी आलं. संगणकाला ते कळलं. त्याने मोटार चालू केली. मोटार सुरू झाल्याबरोबर भिंत थरथरली, जोडणी हलली, पडदा गोठला आणि टाकी भरल्याचं कळायला कोणी जागेवर उरलं नाही. काका शेजारी बसून घड्याळाची तारीख भरत होते. संध्याकाळी मी आले तेव्हा आमच्या गच्चीवरून पाणी जिन्याने पायरी पायरी उतरत रस्त्यावर चाललं होतं आणि गल्लीतल्या बायका बादल्या घेऊन आमच्या दारात रांगेत उभ्या होत्या. त्यांनी काकांना मनापासून आशीर्वाद दिले. पुन्हा पाणी येईपर्यंत मी ऑफिसच्या नळावर तोंड धुतलं.

सोलापुरात त्यांना येडा म्हणायचे, पण पोलंडमध्ये त्यांना ‘सर’ म्हणत. हे मी माझ्या डोळ्यांनी वाचलंय. इंटरनेटवर या जुन्या संगणकवाल्यांची एक मंडळी होती. कोणी पोलंडचा, कोणी ब्राझीलचा, सगळे आपापल्या बायकांना वैताग आणून असले डबे जोडणारे. माझ्या मोबाईलवरून काका त्यांना उत्तरं द्यायचे, म्हणजे ते सांगायचे आणि मी टाईप करायची. पोलंडच्या गृहस्थाने विचारलं, सर, डबा हलू नये म्हणून तुम्ही काय करता? काका म्हणाले, लिहा, खाली कणकेचा गोळा ठेवायचा. ज्वारीचा नको, गव्हाचा. मी कणीक कशी मळायची तेही इंग्रजीत लिहून पाठवलं. तिकडून आभार आले. इकडे आठ दिवसांत मुंग्या आल्या. त्यांनी कणीक खाल्ली, मग त्या डब्यात शिरल्या. पोलंडमध्ये काय झालं ते कळलं नाही. तिकडे बहुधा थंडीमुळे मुंग्या कमी असाव्यात.

तर अशी वर्षं गेली. आणि एका सकाळी भिंतीपलीकडून खटाक-खटाक आली नाही.

लाईट होती. सुट्टीही नव्हती. काका अंगणात येऊन भिंतीकडे बघत उभे राहिले. “अण्णा!” त्यांनी हाक मारली. “बंद का बे?”

अण्णा भिंतीपाशी आले. त्यांनी सांगितलं की पोरं हैदराबादहून परत येत नाहीत, कामगार चिंचोळीच्या एमआयडीसीत गेले, शेड विकली. सात माग भंगारवाल्याला दिले, तो दुपारी येणार. आठवा महिनाअखेरपर्यंत ठेवलाय.

“आठवा कशाला ठेवलास?” काकांनी विचारलं.

“त्याच्यावर एका चादरीचा ताणा हाय, उभे धागे,” अण्णा म्हणाले. “तुला करायची होती न्हवं? कर. न्हायतर तोबी देतो.”

मला वाटलं होतं काका आनंदाने उडी मारतील. (मोजे घातलेले होते, मारली असती तरी चाललं असतं.) त्यांनी फक्त मान हलवली आणि आत जाऊन खुर्चीवर बसले. त्या दिवशी त्यांनी मशीन लावलंच नाही.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. नक्षी तेवढी काकांनी मधल्या वर्षांत, मागांच्या सुट्टीला, एकेक ठिपका भरून तयार करून ठेवली होती, अख्खी, दोन्ही ‘शुभविवाह’ सरळ. ती मेमरी कार्डावर होती. आता ती मेमरीत चढवायची, एकेक कळ दाबून एकेक ओळ पडद्यावर आणायची, ती मोठ्याने वाचायची आणि शेजारी अण्णांनी त्याप्रमाणे पत्त्यांना भोकं पाडायची. सात माग गेले होते, आठवा बंद होता. रजा काढून मी वाचायला बसले होते. इतकी शांतता त्या घरात मी पहिल्यांदाच ऐकत होते.

सातव्या ओळीला पडदा गोठला.

“रस्त्यावरनं ट्रक गेला,” काका म्हणाले. पुन्हा सगळं चढवलं, पुन्हा पहिल्या ओळीपासून. अकराव्या ओळीला गोठला. “पंखा बंद करा.” पंखा बंद केला, घामाच्या धारा लागल्या. नवव्या ओळीला गोठला. “मॅडम, तुमी श्वास जरा हळू घ्या की.” मी श्वास हळू घेतला. चौथ्या ओळीला गोठला. मग त्यांनी अण्णांना भोकं पाडायचा दट्ट्या पलीकडच्या खोलीत न्यायला लावला. मग मांजराला हाकललं. तिसऱ्या ओळीला गोठला.

त्या वेळी मी पडद्याकडे बघतच नव्हते, काकांच्या हाताकडे बघत होते. कळ दाबायला बोट खाली यायचं आणि टेकायच्या आधीच थरथरायला लागायचं. बोटाबरोबर मनगट थरथरायचं, मनगट कीबोर्डच्या कडेवर टेकलेलं, आणि ती थरथर पहिल्या डबीत, दुसऱ्या डबीत, तांदळाच्या डब्यापर्यंत जायची. चहा ते दोन्ही हातांनी धरून प्यायचे. मला ती त्यांची लकब वाटायची. आठ मागांच्या हादऱ्यात एका म्हाताऱ्या हाताची थरथर कोणाला दिसणार होती?

मी अण्णांकडे बघितलं. ते दारात उभे होते आणि तेही हाताकडेच बघत होते. आमची नजरानजर झाल्यावर ते वळून पत्ते मोजायला लागले.

त्या दिवशी कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. महिना संपायला चार दिवस राहिले होते आणि आमच्याकडे एकूण अकरा पत्ते तयार होते. मला ज्या माणसाचा इतकी वर्षं हक्काने राग येत होता, त्याचा आता राग येईना, आणि त्याचंच मला फार वाईट वाटत होतं. शेवटी तिसऱ्या दिवशी मी बोलले. आमच्या ऑफिसात कोणाचा क्लेम नामंजूर झाला हे सांगायचं काम माझ्याकडेच असतं, तेव्हा सवय होती.

“काका, ट्रक नाही. तुमचा हात आहे.”

त्यांनी हात उचलून डोळ्यांसमोर धरला. भिंगातून बघितला, जशी ते एखादी सोल्डर केलेली पट्टी बघायचे.

“कवापास्नं असंल?” ते म्हणाले.

“मला काय माहीत. तुम्ही नेहमी अण्णांनाच शिव्या द्यायचात.”

त्यांनी भिंग खाली सोडलं. मग खुर्चीवरून उठले, माझ्या मागे जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले.

“बसा,” ते म्हणाले. “तुमी दाबा.”

त्या कीबोर्डला बोट लावायची परवानगी त्यांनी त्यांच्या मुलीलाही कधी दिली नव्हती. मी दाबत गेले. ओळी येत गेल्या. काका मागून वाचत होते, भोक, भोक, रिकामं, भोक, आणि पलीकडच्या खोलीतून अण्णांचा दट्ट्या वाजत होता. पडदा एकदाही गोठला नाही. जोडणीने अखेर आपलं काम केलं. उगाच खोटं कशाला बोलू, मला तेव्हा ती पोलंडच्या गृहस्थाला फोटो काढून पाठवावीशी वाटली. पण उठायची सोय नव्हती.

पत्ते ओवून माळ मागावर चढली. तीस तारखेच्या दुपारी अण्णांनी स्वतः माग चालवला. खटाक-खटाक, एकट्याच मागाचा आवाज रिकाम्या शेडमध्ये जरा जास्तच मोठा वाटत होता. आधी वेल आली, मग डावा ‘शुभविवाह’, आणि त्याच्याच ओळीत, दुसऱ्या टोकाला, उजवा. सरळ. कोणालाही वाचता येईल असा. काका त्यावरून बोट फिरवत उभे राहिले आणि बोट थरथरत होतं तरी अक्षरं सुटली नाहीत.

चादर उतरली. अण्णांनी माग बंद केला आणि कपाळाचा घाम पुसला.

“मास्तर,” ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी काकांना मास्तर म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. “तवाची पहिलीच चादर उतरली न्हवं, तवाच मला दिसलं होतं. उजवीकडलं उलटं आलंय म्हणून.”

काका चादर बघत होते.

“मी बोललो न्हाय,” अण्णा म्हणाले. “वाटलं, कॉम्प्युटर हाय. कॉम्प्युटर कसा चुकंल? आपल्यालाच वाचता येत नसंल. आणि बाबानं तुझ्या खांद्यावर हात ठेवला होता. पेढे मागवला होता. मग कसं बोलू? सगळी ऑर्डर विणलो मी, बघत बघत.”

मी काकांकडे बघितलं. मेमरी कमी पडली, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शंभर वेळा ऐकलं होतं. तेच आता येईल असं वाटलं.

“मलाबी दिसलं होतं,” काका म्हणाले.

“कवा?”

“तवाच. पयल्याच चादरीला.”

दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. अण्णांनी मागावरची धूळ उगाचच हाताने झटकली. काकांनी चादरीची दोन टोकं उचलली, पण हात थरथरत होते, टोकाला टोक लागेना. मग अण्णा पुढे आले आणि त्यांनी दुसरी बाजू धरली. दोघांनी मिळून घडी घातली. एकदा, मग आडवी, मग पुन्हा उभी. एक कोपरा चांगला वीतभर बाहेर राहिला होता. शेडच्या दाराशी उभी राहून मला तो दिसत होता, म्हणजे त्यांना तर नाकासमोर दिसत असणार. अण्णा ती घडी तशीच काखेत घालून दोरी शोधायला लागले.

मला राहवलं नाही.

“घडी वाकडी आलीय,” मी म्हटलं.

“दिसतंय की, मॅडम,” दोघंही एकदमच म्हणाले, आणि चादर पुन्हा उलगडायला लागले.